‘डिसमिस झालं’ म्हणजे नक्की काय? नोकरीतली बडतर्फी आणि कोर्टातलं खारीज

"साहेब, डिसमिस झालं." फोनवर एवढंच वाक्य येतं आणि पुढे शांतता. कामगार कोर्टात वकिली करणाऱ्याला अशा वेळी पहिला प्रश्न जरा निष्ठुरपणे विचारावा लागतो : "तुम्ही डिसमिस झालात, की तुमची केस?" कधीकधी उत्तर येतं, "दोन्ही." आधी कंपनीनं काढलं, मग त्याविरुद्धची तक्रार तारखांना कुणी हजर नव्हतं म्हणून कोर्टानंही काढली. अशा माणसाला दोन वेगळ्या लढाया लढायच्या असतात. त्यांचे कायदे वेगळे, मुदती वेगळ्या आणि पुष्कळदा दारंही वेगळी.

मराठीत खरं तर सोय आहे. नोकरीला बडतर्फ, कोर्टाला खारीज किंवा फेटाळलं. दोन्ही शब्द दप्तरातून आलेले : बरतरफ म्हणजे बाजूला, खारिज म्हणजे बाहेर. बाजूला काढलेला माणूस आणि बाहेर काढलेलं प्रकरण. पण बोलताना आपण सगळ्यालाच ‘डिसमिस’ म्हणतो आणि तिथून गोंधळ सुरू होतो.

दोन्हीकडे उपयोगी पडणारी एक किल्ली आधीच देतो. आदेश हातात आला की दोन गोष्टी शोधा : तुमचं म्हणणं ऐकून घेऊन हे केलंय की न ऐकता, आणि आदेशाची तारीख कोणती. न ऐकता झालेलं बहुतेक वेळा उघडता येतं. तारीख हुकली तर ऐकून न घेतल्याचाही उपयोग होत नाही.

पहिली पायरी : कागद हातात घ्या

नोकरीच्या बाबतीत लोक तोंडी निरोपावर घरी बसतात. गेटवर वॉचमन म्हणतो, "तुमचं कार्ड बंद आहे," आणि माणूस परत फिरतो. महिना उलटतो आणि मग कंपनीचं पत्र येतं की तुम्ही न सांगता गैरहजर राहिलात, म्हणजे नोकरी तुम्हीच सोडली. म्हणून त्याच दिवशी लिहून कळवा : अमुक तारखेला मी कामावर आलो होतो, मला आत घेतलं नाही, मी काम करायला तयार आहे. ईमेल चालतो, स्पीड पोस्ट त्याहून बरं, पोचपावती जपून ठेवायची. या चार ओळींनी पुढे जेवढी मदत होते तेवढी चार साक्षीदारांनी होत नाही.

आयटीतल्या मुलामुलींचं वेगळं. त्यांना बहुधा कुणी बडतर्फ करत नाही. एचआर मीटिंगला बोलावतो, राजीनामा द्या नाहीतर रेकॉर्ड खराब होईल म्हणतो आणि समोर लॅपटॉप सरकवतो. एकदा ‘व्यक्तिगत कारणास्तव’ असं लिहून दिलं की कायद्याच्या नजरेत ती बडतर्फी राहत नाही, तुम्ही स्वतःहून सोडलेली नोकरी होते. सही झालीच असेल तर एकदोन दिवसांत स्वतःच्या मेलवरून कळवा की राजीनामा दबावाखाली घेतला गेला. सहा महिन्यांनी सांगितलेला दबाव कोर्टाला पटवणं फार अवघड जातं.

दुसरी पायरी : पत्रातला शब्द वाचा

कामावरून जाणं एकच असलं तरी पत्रात त्याला काय म्हटलंय यावर पुढचं बरंच ठरतं.

निलंबन म्हणजे नोकरी गेली नाही, चौकशी होईपर्यंत दूर ठेवलंय. या काळात निर्वाह भत्ता मिळतो. स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे प्रमाणित नियम, लागू असलेल्या आस्थापनांत पहिले 90 दिवस पगाराच्या 50 टक्के, आणि उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर त्यानंतर 75 टक्के. निलंबित माणसाला लोक ‘डिसमिस’ म्हणून मोकळे होतात. ते चुकीचं आहे. पण निलंबित आहोत म्हणून चौकशीकडे पाठ फिरवणं ही त्याहून मोठी चूक.

सेवासमाप्ती हा मोघम शब्द. करार संपला, परिविक्षाकाळ (प्रोबेशन) समाधानकारक नव्हता, पद उरलं नाही, असं काहीही त्यात बसतं. परिविक्षेवरच्या माणसाला साधं पत्र देऊन कमी करता येतं. पण त्याच पत्रात ‘गैरवर्तनामुळे’ असा डाग लावला असेल, तर चौकशी का केली नाही हा प्रश्न विचारता येतो. म्हणून पत्र जितकं लांब, तितका वकील खुश.

कामगार कपातीत तुमचा दोष नसतो, धंद्याला माणसं जास्त झालेली असतात. वर्षभर सलग काम झालं असेल, म्हणजे साधारणपणे बारा महिन्यांत 240 दिवस भरले असतील, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो.

बडतर्फी मात्र शिक्षा आहे. गैरवर्तनाचा आरोप, तो सिद्ध झाल्याचा निष्कर्ष आणि त्यावरची सर्वात कडक शिक्षा, या तिन्ही गोष्टी तिच्यात गृहीत आहेत.

सरकारी नोकरांसाठी आणखी एक बारकावा, जो वर्तमानपत्रं हमखास पुसून टाकतात. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 यात ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ या दोन स्वतंत्र शिक्षा आहेत. काढून टाकलेल्याला पुन्हा सरकारी नोकरीसाठी अपात्र ठरवलं जात नाही, बडतर्फ झालेल्याला सर्वसाधारणपणे ते दार बंद होतं. बातमीत दोघांनाही ‘बडतर्फ’ लिहिलेलं असतं. आदेशात कोणता शब्द आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

तिसरी पायरी : ऐकून घेतलं होतं का?

बडतर्फीची बरीचशी प्रकरणं आरोप खोटा होता यावर जिंकली जात नाहीत. चौकशी नीट झाली नव्हती यावर जिंकली जातात. नव्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. तो येतो तेव्हा त्याच्याकडे सुपरवायझर कसा वाईट होता याची गोष्ट असते. मी विचारतो, चौकशीचे कागद कुठे आहेत?

नीट चौकशीचा साधारण क्रम असा. आधी कारणे दाखवा नोटीस किंवा थेट दोषारोपपत्र. त्यात काय केलं, कधी केलं, कोणता नियम मोडला हे स्पष्ट हवं. ‘वर्तन समाधानकारक नाही’ हा आरोप नव्हे. मग खुलासा द्यायला वाजवी वेळ. मग चौकशी अधिकारी, जो स्वतः तक्रारदार किंवा साक्षीदार नसावा. कंपनीचे साक्षीदार तुमच्यासमोर, त्यांना उलटप्रश्न विचारायची संधी, मग तुमचे साक्षीदार. शेवटी चौकशी अहवाल. हा अहवाल शिक्षा ठरवण्याआधी तुम्हाला द्यायचा असतो आणि त्यावर तुमचं म्हणणं घ्यायचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 1993 मध्ये ठरवून टाकलं आहे. तरी आजही अहवाल आणि बडतर्फीचं पत्र एकाच पाकिटातून येतं.

चौकशीला हजर राहा. रागानं बहिष्कार टाकणारे फार दिसतात. मग चौकशी एकतर्फी होते आणि ‘न ऐकता काढलं’ म्हणायची सोय जाते, कारण संधी दिली होती, तुम्हीच घेतली नाही. कागद घ्यायला नकार देऊ नका. कागद घेतल्याची सही म्हणजे आरोप मान्य असल्याची सही नव्हे. हवं तर शेजारी लिहा, ‘मजकूर मान्य नाही, फक्त प्रत मिळाली.’

सरकारी नोकराला हे संरक्षण थेट राज्यघटनेनं दिलं आहे. अनुच्छेद 311 म्हणतो की नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा खालचा अधिकारी त्याला बडतर्फ करू शकत नाही, आणि आरोप सांगून, बाजू मांडायची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय बडतर्फी, काढून टाकणं किंवा पदावनती नाही. अपवाद तीन : ज्या वर्तनासाठी फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली त्याच वर्तनावर कारवाई असेल तर, चौकशी करणं व्यवहार्य नसल्याची कारणं अधिकाऱ्यानं लेखी नोंदवली तर, आणि राज्याच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर. पोलिसांच्या थेट बडतर्फीच्या बातम्या येतात त्यात बहुधा दुसरा अपवाद वापरलेला असतो, आणि पुढचं भांडणही त्या लेखी कारणांवरच होतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. फौजदारी कोर्टातून निर्दोष सुटलो म्हणजे नोकरी आपोआप परत, असं नाही. फौजदारी खटल्यात वाजवी संशयापलीकडे पुरावा लागतो, खातेनिहाय चौकशीत शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच पाहतात. त्यामुळे एकाच घटनेत कोर्टातून सुटका आणि नोकरीतून बडतर्फी, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

चौथी पायरी : दार कोणतं आणि ते किती दिवस उघडं आहे

खाजगी शाळेतले शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी : 1977 च्या महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणात अपील. मुदत फक्त 30 दिवस. संस्थाचालक "बघू, जूनमध्ये घेऊ परत" म्हणत झुलवत ठेवतात ते नेमके याच 30 दिवसांत.

राज्य सरकारी कर्मचारी : आधी खात्यांतर्गत अपील, मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, ज्याला सगळे ‘मॅट’ म्हणतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याची पीठं आहेत. अंतिम आदेशापासून साधारण एक वर्षाच्या आत तिथे जायचं. अपील न करता थेट मॅट गाठलं तर ‘आधी तिकडे जा’ म्हणून परत पाठवतात.

कारखाना, दुकान, कंपनीतले कामगार : इथे जमीन अलीकडेच सरकली आहे. 1947 चा औद्योगिक विवाद कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. जुन्या कायद्यात बडतर्फीचा वाद न्यायला तीन वर्षं होती, संहितेत समेट अधिकाऱ्याकडे जायला दोन वर्षं आहेत. कामगार न्यायालयांच्या जागी संहिता औद्योगिक न्यायाधिकरणं आणते. महाराष्ट्रात याशिवाय 1971 चा आपला स्वतःचा अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधाचा कायदा वर्षानुवर्षं वापरात आहे. सूड म्हणून काढणं, उघड खोटं कारण दाखवणं, घाईघाईनं काढणं, क्षुल्लक चुकीला भयंकर शिक्षा देणं, हे सगळं त्यात अनुचित प्रथा म्हणून लिहिलेलं आहे आणि तक्रारीला मुदत 90 दिवस. संहिता आल्यावर तुमच्या प्रकरणात यातला कोणता रस्ता धरायचा, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न. पण उत्तर मिळेपर्यंत 90 दिवसच आहेत असं समजून चाला. लवकर गेल्यानं कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही.

व्यवस्थापक, प्रशासकीय अधिकारी आणि दरमहा 18,000 रुपयांहून जास्त पगाराचे पर्यवेक्षक संहितेतल्या ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत. पदाचं नाव काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करत होता हे कोर्ट पाहतं. कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ आणि दिवसभर मशीनवर काम, अशी माणसं कामगार ठरलेली आहेत. जे खरोखरच व्याख्येबाहेर आहेत त्यांना नेमणूकपत्रातल्या अटींवर दिवाणी कोर्टात जावं लागतं. तिथे नोटीस काळाचा पगार, थकबाकी, नुकसानभरपाई मिळू शकते. खाजगी नोकरी परत मिळणं जवळपास नाही.

पैसे अडवले असतील तर

बडतर्फीचं पत्र देताना ‘तुमचं सगळं गेलं’ असं सांगणारे महाभाग असतात. भविष्य निर्वाह निधी तुमचाच राहतो, मालकाच्या हिश्श्यासह. कामाच्या दिवसांचा पगार द्यावाच लागतो, आणि वेतन संहितेनुसार काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत. ग्रॅच्युइटी मात्र अडू शकते : मालमत्तेचं नुकसान केलं असेल तर त्या रकमेइतकी, आणि हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल तर काही अंशी किंवा पूर्ण. पण त्यासाठी तसा वेगळा आदेश लागतो, नुसतं ‘बडतर्फ’ म्हणून भागत नाही.

मागील पगाराबद्दल एक सूचना, जी अर्ज लिहितानाच पाळायची. 2013 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सेवासमाप्ती बेकायदा ठरली तर मागील पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम. मात्र कर्मचाऱ्यानं निदान एवढं सांगायला हवं की मधल्या काळात त्याला दुसरी कमाई नव्हती किंवा कमी होती. ते सांगितलं की उलट सिद्ध करण्याचं ओझं मालकावर जातं. तेव्हा तक्रारीत ते वाक्य आहे ना, हे सही करण्याआधी तपासा.

आता कोर्टातलं ‘डिसमिस’

इथे पहिला कागद म्हणजे रोजनामा. आपल्या जिल्हा न्यायालयांत प्रत्येक तारखेला काय झालं ते त्यात लिहिलेलं असतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकला की प्रकरणाची स्थिती दिसते, पण तिथल्या ‘निकाली’ या एका शब्दावर काही ठरवू नका. निकाली म्हणजे फाईल बंद झाली. जिंकून, हरून, तडजोडीनं की गैरहजेरीनं, ते आदेशातच कळतं. नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका, कारण प्रमाणित प्रत मिळायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात.

आदेश हाती आला की पुन्हा तीच किल्ली लावा.

दावा गैरहजेरीत खारीज झाला असेल, तर न्यायाधीशांनी तुमच्या म्हणण्यावर काहीच मत दिलेलं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत याचे दोन प्रकार आहेत आणि फरक महत्त्वाचा आहे. वादी-प्रतिवादी दोघेही गैरहजर असतील तर तुम्ही दावा पूर्ववत करण्याचा अर्ज देऊ शकता किंवा मुदत असेल तर नवा दावाही लावू शकता. पण प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर असताना खारीज झाला, तर त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. पूर्ववत करण्याचा अर्ज हाच रस्ता, त्याची मुदत 30 दिवस, आणि गैरहजेरीचं पुरेसं कारण द्यावं लागतं. दवाखान्याचे कागद, एसटीचं तिकीट, जे असेल ते जोडा. ‘वकिलांनी तारीख सांगितली नाही’ हे कारण काही वेळा चालतं, नेहमी नाही. मुदत उलटली असेल तर सोबत विलंब माफीचा अर्ज, आणि त्यात विलंब का झाला ते तारीखवार.

वादपत्रच, म्हणजे दावा लावताना दिलेला मूळ अर्जच, नामंजूर झालं असेल, म्हणजे दाव्याला कारणच दिसत नाही, कोर्ट फी अपुरी आहे किंवा कायद्यानं दावा चालूच शकत नाही असं दिसलं, तर त्यावर अपील आहे. आणि त्रुटी दूर करून, मुदत शिल्लक असेल तर, नवं वादपत्रही देता येतं. ‘परत केलं’ असेल तर त्याहून सोपं : चुकीच्या कोर्टात आलात, योग्य कोर्टात दाखल करा.

पुरावा होऊन, दोन्ही बाजू ऐकून दावा फेटाळला, तर मात्र तो खराखुरा पराभव. तोच वाद त्याच माणसांत पुन्हा उकरता येत नाही. रस्ता फक्त अपिलाचा : जिल्हा न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस.

फौजदारीत एक सापळा आहे, विशेषतः चेक न वटल्याच्या प्रकरणांत. तक्रारदार तारखेला गैरहजर राहिला तर मॅजिस्ट्रेट आरोपीला निर्दोष सोडू शकतात, आणि तो हुकूम त्याच कोर्टाला मागे घेता येत नाही. तिथे पूर्ववत करण्याचा अर्ज नाही, वरच्या कोर्टात अपील. दिवाणीतली सवय घेऊन इथे आलेले व्यापारी यात हमखास अडकतात. आणि बातम्या वाचताना ‘दोषमुक्त’ व ‘निर्दोष मुक्तता’ यांची गल्लत करू नका. पहिल्यात आरोप ठेवण्याइतकंही काही नव्हतं म्हणून खटला पुढे गेलाच नाही. दुसऱ्यात खटला चालून सुटका झाली.

सर्वोच्च न्यायालयानं याचिका फेटाळली, ही बातमी तर दर आठवड्याला असते. अपील करायची विशेष परवानगी एका ओळीत नाकारली, कारणं दिली नाहीत, तर उच्च न्यायालयाचा निकाल बरोबर आहे असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं असा अर्थ होत नाही. आम्ही यात पडत नाही, एवढाच अर्थ. 2000 साली त्याच न्यायालयानं हे सविस्तर समजावून सांगितलं आहे. ‘मागे घेतल्यामुळे खारीज’ असेल तर पुढची ओळ वाचा : नव्यानं येण्याची मुभा दिली आहे का? ती ओळ नसेल तर आपल्या वकिलाला तिथल्या तिथे विचारा, तारखेनंतर नव्हे.

आता सुरुवातीचा तो ‘दोन्ही’ म्हणणारा माणूस. त्याची बडतर्फी खरी की खोटी हा प्रश्न कोर्टानं अजून पाहिलेलाच नाही, कारण तक्रार गैरहजेरीत गेली. त्यानं नव्यानं सगळी कहाणी लिहीत बसायचं नाही. आधी रोजनाम्याची नक्कल, मग तक्रार पुन्हा बोर्डावर घेण्याचा अर्ज, सोबत गैरहजेरीच्या कारणाचं प्रतिज्ञापत्र. तो अर्ज मंजूर झाला की मगच चौकशीचे कागद बाहेर काढायचे. आणि दरम्यान पुढची तारीख स्वतःच्या मोबाईलमध्ये स्वतः टाकून ठेवायची.